बोलका मोबाइल आला, म्हणून ब्रेल सोडायची?

आमच्या वाडीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय: 'आता मोबाइल सगळं वाचून दाखवतो, तेही अगदी माणसाच्या आवाजात. अंध मुलांना ब्रेल शिकवण्यात वेळ घालवू नका.' मी जन्मापासून अंध आहे, हर्णै बंदराजवळ राहतो, दिवसभर स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. गप्प बसवत नाही.

'सगळं वाचतो' यापासून सुरुवात करू. हा मजकूर फोटो म्हणून आला होता. टॉकबॅक, म्हणजे माझ्या मोबाइलमधला स्क्रीन रीडर, कानात एवढंच म्हणाला, 'फोटो.' शेवटी पुतणीने वाचून दाखवला. चित्रातली अक्षरं ओळखणारी ॲप आहेत, मीही वापरतो. पण कागद वाकडा धरलेला असला, अक्षरांवर शिक्का पडलेला असला की ओळी तुटतात. त्याहून छळतात ते जुने मराठी फॉन्ट. पडद्यावर 'ग्रामसभेची सूचना' दिसते, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो, आणि मला काही कळत नाही. तीच सूचना युनिकोडमध्ये टाइप केली, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली, तर संगणकावरचा फुकट मिळणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरसुद्धा ती घडाघडा वाचतो. पाठवणाऱ्यांनो, एवढं तुमच्या हातात आहे.

आता माणसासारखा आवाज. गोष्ट ऐकायला तो छानच, पण कामाला मी ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा कोरडा, यांत्रिक आवाज लावतो. घरच्यांना ती नुसती किरकिर वाटते. हा आवाज कुणाच्या बोलण्याचे तुकडे जोडून केलेला नाही. बराचसा तो गणितानेच घडवलेला असतो. त्यामुळे वेग खूप वाढवला तरी शब्द एकमेकांत मिसळत नाहीत, आणि बटण दाबल्याबरोबर बोलणं सुरू होतं. गोडवा हवा तर उच्चारांत हवा. हिंदी आवाजाकडून मराठी वाचून घेतलं की 'जाळं'मधला ज 'जीव'मधल्या जसारखा होतो. बंदरावर वाढलेल्या माणसाच्या कानाला ते टोचतं.

ब्रेलबद्दल लिहिलंय त्याने मात्र जीव तुटतो. 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळजवळ सारखेच. एकेक अक्षर ऐकून फरक कळतो, पण अख्खं पुस्तक तसं कोण वाचणार? ब्रेलमध्ये अक्षरं सहा उठावदार ठिपक्यांतून बनतात, प्रत्येक ठिपक्याला क्रमांक असतो. इ म्हणजे २ आणि ४ हे ठिपके, ई म्हणजे ३ आणि ५. बोटाखाली शब्द लिहिलेला असतो तसाच येतो. नुसतं ऐकून शिकलेली हुशार मुलं चार ओळी लिहिताना अडखळतात, हे मी जवळून पाहिलंय.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. माझा मोबाइल दुसऱ्या दिवशीच बंद पडला. कौलं उडालेली, वर ताडपत्री, घरात काळोख. आईला झोप येईना, म्हणून कपाटातलं ब्रेलमधलं गोष्टींचं पुस्तक काढून मांडीवर घेतलं आणि तिला वाचून दाखवू लागलो. मधेच थांबलो तर म्हणाली, 'अजून दोन पानं वाच रे.'