पडीक कुणाला म्हणता?

"अहो मॅडम, पडीक जमीन आहे ती. तिथे आहे काय?"

तहसील कचेरीतल्या त्या माणसाने "पडीक" हा शब्द तिसऱ्यांदा उच्चारला आणि माझं डोकं सटकलं. तिथे काय आहे? या ना एकदा ऑगस्टमध्ये बघायला! सगळा सडा, म्हणजे ते कातळाचं पठार, गेंदाच्या फुलांनी पांढरा होतो, मध्येच सीतेची आसवं निळीजांभळी उमलतात, उतार सोनकीने पिवळे पडतात. वीतभर खोल डबक्यांत बेडकांची पिल्लं असतात. उन्हाळ्यात उघड्या खडकावर टिटवी अंडी घालते. पावसाचं पाणी याच कातळाच्या भेगांतून मुरतं आणि खाली गावाच्या विहिरीला लागतं. यातलं काहीच कागदावर उमटत नाही, कारण कागदावर एकच शब्द आहे. देशभरातल्या पडीक जमिनींचा सरकारी नकाशासंग्रह आहे, त्यात "खडकाळ पडीक" असा वेगळा वर्गच आहे. ज्या जमिनीत भात पिकत नाही आणि साग उभा राहत नाही, ती पडीक. म्हणजे कधीही, कुणालाही देऊन टाकायला मोकळी.

प्रकरण असं आहे. मावळातल्या एका गावातून पठारावर जाणारी वाट मी चौदा वर्षं चालतेय. मारुतीच्या देवळामागून ढोरवाटेने धनगरपाड्यापर्यंत, तिथून खिंडीतून वर. अडीच महिन्यांपूर्वी गेले तर पाड्याच्या पुढे सिमेंटचे खांब, काटेरी तार, लोखंडी गेट. गेटवर परगावचा एक पोरगा खुर्ची टाकून बसलेला. "साहेबांनी सांगितलंय, कुणाला सोडायचं नाही." वर प्लॉट पडणार आहेत, दरीकडे तोंड करून बंगले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ज्या शेतकऱ्याने स्वतःची जमीन विकली त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या मुलीचं लग्न, त्याचं कर्ज, त्याचा निर्णय. पण मी घरी येऊन गट नंबर टाकून मोबाइलवर सातबारे काढले. तारेच्या आत तीन गट गेलेत. दोन खासगी आहेत. तिसऱ्यावर मालक म्हणून सरकारचं नाव आहे, आणि पुढे लिहिलंय गायरान. गायरान! गावाच्या गुरांसाठी राखलेली जमीन! ती कोणी विकली? विकली नसेल तर तार तिच्याभोवती कशी फिरली? हे विचारायला गेले तर उत्तर मिळालं की मोजणी झाल्याशिवाय काही सांगता येत नाही. मोजणीचा अर्ज करते म्हटलं तर जमीन तुमच्या नावावर नाही, तुमचा संबंध काय?

माझा संबंध काय, हे विचारण्याची हिंमतच कशी होते? सरकारी जमीन म्हणजे कुणा साहेबाच्या खिशातली जमीन नव्हे. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात साऱ्या राज्यांना बजावलं की गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. त्याच वर्षी 12 जुलैला महाराष्ट्र शासनाने गायरानाबद्दल निर्णय काढला. तो निर्णय आजही शासनाच्या संकेतस्थळावर वाचता येतो. मी तो छापून नेला होता. समोरच्याने उलटूनही पाहिला नाही.

आणि ही काही एका गावाची रड नाही. कोंढवा बुद्रुकचं उदाहरण घ्या, पुण्यातलंच. 29 एकर 15 गुंठे, 1879 साली राखीव वन म्हणून जाहीर झालेली जमीन. पण ताबा राहिला महसूल खात्याकडे. वनखात्याच्या दप्तरात जंगल आणि महसूल खात्याच्या हातात जमीन, या फटीतूनच सगळा खेळ होतो. 1998 साली ती शेतीच्या नावाखाली एका कुटुंबाला दिली गेली, तिथून गृहनिर्माण संस्थेकडे गेली, 2007 मध्ये बांधकामाला पर्यावरण मंजुरीसुद्धा मिळाली. 15 मे 2025 ला सरन्यायाधीश भूषण गवईंच्या पीठाने हे सगळं रद्द केलं आणि जमीन वनखात्याला परत द्यायला सांगितली. राजकारणी, अधिकारी आणि बिल्डर यांच्या साट्यालोट्याचं हे नमुनेदार उदाहरण आहे, असं त्या निकालातच म्हटलंय. सत्तावीस वर्षं! कुणीतरी ती लढाई चिवटपणे लढलं म्हणून ती जमीन वाचली. जिथे लढायला कुणी नव्हतं तिथे आज टॉवर उभे आहेत.

त्याच निकालात सगळ्या राज्यांना सांगितलंय की महसूल खात्याच्या ताब्यातली राखीव वनजमीन कुणाकुणाला वाटली गेली, ते विशेष पथकं नेमून शोधा. मग शोधा ना! आम्हाला का वणवण करायला लावता? हैदराबादला विद्यापीठाशेजारची 400 एकर झाडी सरकार लिलावात काढायला निघालं, तिथे विद्यार्थी बुलडोझरपुढे उभे राहिले, मग एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं. दरवेळी बुलडोझर आल्यावरच कळायचं का? आपलीच जमीन विकायला काढलीय हे आपल्याला शेवटी कळतं, यापेक्षा मोठा अपमान कुठला?

आणि आपण ट्रेकवाले! याचा तर मला जास्त संताप येतो. दर शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून बसगाड्या भरून निघतात. वाट बंद दिसली की लीडर दुसरी वाट शोधतो, जीपीएसचा नवा ट्रॅक ग्रुपवर टाकतो, संपला विषय. एकाने तर मला तारेखालून सरपटत कसं जायचं ते समजावून सांगितलं. अरे, आज तारेखालून जाशील, उद्या तिथे भिंत असेल! गडावर जाऊन शिवरायांची गारद द्यायची आणि गडाच्या वाटेला कुंपण पडलं की मान खाली घालून वळसा मारायचा? चाळीस जणांतल्या चौघांनी जरी सातबारा काढून पाहिला असता, गावात विचारलं असतं, तरी ही तार पहिल्याच आठवड्यात अडली असती.

गावातल्या मामांचं नाचणीचं वरकस, म्हणजे हलकं डोंगरशेत, तारेपलीकडे आहे. गुरं पठाराखालच्या टाक्यावर पाण्याला न्यायची, तर आता तीन किलोमीटरचा वळसा. सत्तरीचा माणूस. मला म्हणाले, "ताई, तुमी रईवारी येता, नाय जमलं तर दुसरीकडं जाल. आमी कुटं जायाचं?" मी गप्पच बसले.

मग एका वकील मैत्रिणीला विचारलं. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो. मामांचं शेत पलीकडे असल्याने तो त्यांना लावता येईल. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत. हे गावात एकालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. ज्यांनी तार ठोकली त्यांना ते पक्कं ठाऊक असणार, सहा महिने गेटवर पोरगा बसवून ठेवला की झालं.

अडीच महिने गेले. मामांचा अर्ज तयार आहे. सोबत माझे चौदा वर्षांतले त्या वाटेचे फोटो जोडलेत, तारखांसकट. सोमवारी सकाळी आम्ही दोघं परत त्याच कचेरीत जातोय.