उलीची धावपट्टी आणि कर्नल ओजुक्वू

रात्री विमान आकाशात घिरट्या घालत असे, खाली काही क्षणांपुरते दिवे लागत आणि चाके जमिनीला टेकताच पुन्हा मिट्ट काळोख होत असे. उलीची ही धावपट्टी म्हणजे मुळात रुंद केलेला हमरस्ता. पण १९६८-६९ मध्ये नायजेरियातून फुटून निघालेल्या बिआफ्रा नावाच्या देशाचा सगळा जीव तिच्यावर टांगलेला होता. परदेशातून आलेले सुके मासे, मीठ आणि दुधाची पावडर तिथे उतरत असे, आणि त्याच अंधारात दारूगोळाही उतरत असे. बिआफ्राचे प्रमुख चुक्वुएमेका ओडुमेग्वू ओजुक्वू यांच्या कारकिर्दीचा विचार करू लागले की माझे मन दर वेळी या धावपट्टीपाशी येऊन अडते.

ओजुक्वूंना सैन्यात जाण्याची काहीच गरज नव्हती. वडील सर लुई हे मालवाहतुकीच्या धंद्यातून वर आलेले, नायजेरियातील अतिश्रीमंतांपैकी एक. मुलगा ऑक्सफर्डला इतिहास शिकला, परत येऊन सरकारी नोकरीत लागला आणि १९५७ मध्ये सगळे सोडून लष्करात गेला. जानेवारी १९६६ मध्ये काही तरुण अधिकाऱ्यांनी बंड केले तेव्हा ते उत्तरेतील कानो येथे पलटणीचे प्रमुख होते. त्यांनी बंडाला साथ दिली नाही. पुढे देशाची सूत्रे हाती घेतलेले लष्करप्रमुख जनरल इरोन्सी यांनी त्यांना पूर्व विभागाचे लष्करी गव्हर्नर नेमले, तेव्हा ते जेमतेम ३२ वर्षांचे होते.

त्यानंतर जे घडले ते आठवल्याशिवाय त्यांच्या फुटीर राजकारणाचा न्याय करणे मला अप्रामाणिक वाटते. जुलै १९६६ च्या प्रतिबंडात इरोन्सी मारले गेले, लष्करी अधिकारी याकुबू गोवन सत्तेवर आले आणि उत्तरेत हजारो इग्बोंची, म्हणजे ओजुक्वूंच्याच पूर्वेकडील समाजाच्या लोकांची, कत्तल झाली. जिवंत राहिलेले लोक मिळेल त्या आगगाडीने आणि ट्रकने पूर्वेकडे धावले. जानेवारी १९६७ मध्ये घानातील अबुरी येथे दोन्ही बाजू भेटल्या. ओजुक्वू पूर्ण तयारीनिशी गेले होते आणि विभागांना मोठी स्वायत्तता देणारी तडजोड त्यांनी पदरात पाडून घेतली, पण तेव्हाची राजधानी लागोसला परतल्यावर केंद्राने तिचा आपल्या सोयीचा अर्थ लावला. मे महिन्याच्या अखेरीस गोवन यांनी देशाची बारा राज्ये केली आणि ३० मे १९६७ रोजी ओजुक्वूंनी पूर्व विभागाच्या, म्हणजेच बिआफ्राच्या, स्वातंत्र्याची घोषणा केली. त्यातून यादवी युद्ध पेटले. आपल्या माणसांचे रक्षण देश करू शकत नाही, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने वेगळे होण्याचा निर्णय घेतला, म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. मात्र पूर्व विभागात एफिक, इबिबिओ, इजॉ हे समाजही राहत होते. तेलाचा बराचसा भाग अशा अल्पसंख्य समाजांच्या जमिनीखाली होता आणि नव्या देशात यायचे की नाही, यावर त्यांचे सार्वमत कधी घेतले गेले नाही.

माझा खरा आक्षेप १९६८ च्या उन्हाळ्याविषयी आहे. मे महिन्यात पोर्ट हारकोर्ट हे बंदर केंद्राच्या सैन्याच्या हाती पडले आणि समुद्राकडची वाट बंद झाली. वेढ्यात अडकलेल्या प्रदेशात लाखो निर्वासित होते आणि प्रथिनांअभावी पोटे फुगलेल्या, केस तांबूस झालेल्या मुलांची छायाचित्रे जगभर पोहोचू लागली होती. नाकेबंदी केंद्र सरकारची होती आणि उपासमार हे युद्धातील रास्त हत्यार आहे, असे तिथली जबाबदार मंडळी बोलत होती. तो गुन्हा त्यांच्याच माथी आहे. पण जमिनीवरून अन्न आणण्याचा मार्ग देऊ केला गेला तेव्हा ओजुक्वूंनी तो नाकारला. अन्नात विष असेल, त्याच रस्त्याने शत्रूचे सैन्य आत येईल, ही त्यांची भीती मी पोकळ म्हणणार नाही. तरीही तपासणी करून दिवसाउजेडी विमाने आणण्याचा प्रस्तावही त्यांना मान्य झाला नाही, कारण मदतीच्या विमानांच्या आडोशाने शस्त्रांची विमाने रात्री सुरक्षित उतरत होती. एका सेनापतीच्या दृष्टीने हा हिशेब बिनचूक होता. परंतु ओजुक्वू तेव्हा नुसते सेनापती राहिले नव्हते. ज्या मुलांच्या नावाने ते जगाकडे मान्यता मागत होते, त्यांच्या ताटाची जबाबदारी त्यांची होती. त्या महिन्यांत त्यांच्यातील अधिकाऱ्याने त्यांच्यातील राष्ट्रप्रमुखावर मात केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

युद्ध आणखी दीड वर्ष चालले. एकूण मृतांचे अंदाज दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. जानेवारी १९७० मध्ये ओजुक्वू विमानाने आयव्हरी कोस्टला निघून गेले आणि शरणागतीचे काम मागे राहिलेले त्यांचे दुय्यम फिलिप एफियाँग यांच्यावर आले. एफियाँग इग्बो नव्हते. ज्यांना विचारलेच गेले नव्हते अशा अल्पसंख्यांपैकी एका माणसाने लागोसला जाऊन शेवटच्या कागदावर सही केली, हे मला फार बोचते.

१९८२ मध्ये माफी मिळून ओजुक्वू परतले. पुढच्याच वर्षी सेनेटच्या निवडणुकीत हरले, नंतरच्या लष्करी राजवटीत तुरुंगात राहिले आणि २००३ मध्ये त्याच नायजेरियाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. नोव्हेंबर २०११ मध्ये ते लंडनमध्ये वारले. मार्च २०१२ मध्ये न्नेवी या त्यांच्या मूळ गावी, ज्या सैन्याविरुद्ध ते लढले त्याच सैन्याने त्यांना लष्करी इतमामात निरोप दिला. त्या मानवंदनेबद्दल माझी तक्रार नाही. अबुरीला गेलेल्या तरुण गव्हर्नरला ती मिळायलाच हवी होती. पण १९६८ मध्ये अन्नाचा रस्ता नाकारणाऱ्या राष्ट्रप्रमुखाला मी मात्र अजून माफ करू शकलेले नाही.