विठोबा, टॉवेल आणि कॅम्परव्हॅन

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. या यादीत जुनी कॅम्परव्हॅन घालायची राहून गेली आहे.

इंग्लंडात बारा वर्षं काढल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी फोक्सवॅगनची जुनी कॅम्पर घ्यायचं ठरवलं. जाहिरात होती : १९७२, अस्सल जर्मन, वेस्टफालिया (गाडीत झोपण्या-रांधण्याची सोय करून देणारी जर्मन कंपनी). गाडी डेव्हनमधल्या एका गोठ्यात. आप्पा तेव्हा आटपाडीहून आलेले. खरसुंडीच्या जत्रेत जन्मभर खिलार बैल पारखलेला माणूस. म्हणाले, "मी येतो. तुला दात बघता येत नाहीत."

या गाडीचे दात म्हणजे चासी नंबर. दहा आकडे, पहिले दोन गाडीचा प्रकार सांगतात, तिसरा म्हणजे मॉडेलच्या सालातला शेवटचा आकडा. (हे साल ऑगस्टातच सुरू होतं. आपल्या पंचांगाला उगाच नावं ठेवतात.) ही जात जर्मनीत १९६७ ते १९७९ निघाली, पण ब्राझीलमध्ये थेट २०१३ पर्यंत निघत राहिली. त्यामुळे 'अस्सल जर्मन' हे पेटीवरच्या 'अस्सल देवगड'इतपतच खरं मानायचं.

पुढच्या सीटमागे कारखान्याची पत्र्याची पट्टी असते. रंग, इंजिन, कुठल्या देशासाठी बनवली, सगळी कुंडली तिच्यावर. तिथे नुसती भोकं होती.

"आधीच्या मालकानं आठवण म्हणून ठेवली असेल," मालक म्हणाला.

छप्पर उघडलं तर ते कुशीवर उघडलं, आत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. म्हणजे वेस्टफालिया नव्हेच, इंग्लंडातल्याच फोकस्टनच्या डॉर्मोबिल कंपनीचं काम. वाईट मुळीच नाही, पण स्थळ जर्मनीचं सांगितलं आणि निघालं केंटचं!

नंबर इंजिनाच्या खणातही ठोकलेला असतो. तिथे काळ्या रंगाचा जाड थर. आप्पांनी अंगठ्याच्या नखानं तो खरवडला. कागदावर तिसरा आकडा दोन, पत्र्यावर सहा. कागद एकीचे, देह दुसरीचा.

"छपाईची चूक," मालक म्हणाला. पत्र्यावर ठोकलेल्या आकड्याला.

चाळीस वर्षांपुढच्या गाडीला इथे दरवर्षीची एमओटी तपासणी सहसा माफ असते, म्हणजे गंज शोधायचा तो आपणच. लोहचुंबक हवं म्हणून मी घरच्या फ्रिजवरचा पंढरपूरचा विठोबा काढून आणला होता. दारावर लावला, चिकटला. चाकावरच्या कमानीला लावला, घसरला. दाराखालच्या पट्टीला लावला, टपकन खाली. अठ्ठावीस युगं विटेवर उभा राहिलेला देव तिथे एक सेकंद उभा राहीना. आत पत्रा नव्हताच, नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग फासलेला.

मी निघायला वळलो. आप्पांनी दंडाला धरलं.

"आता कुठं? खोड सापडली म्हणजे सौदा सुरू."

आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी मालकाच्या हातावर टाकला, आत हात घालून त्याची तीन बोटं घट्ट दाबली. जत्रेत भाव असाच बोलतात, चारचौघांना कळू नये म्हणून. मालकानं टॉवेलाकडे पाहिलं, आप्पांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, मग दुसऱ्या हातानं त्यांचा कोपर अलगद धरून त्यांना गवताच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि बायकोला हाक मारली, "पाणी आण, म्हाताऱ्यांना चक्कर येतेय."

आप्पा बसल्या बसल्या बोटं दाबतच होते. "दोनवर आला बघ," ते मला म्हणाले.