‘सर्व्हिस फाइल एटसीतच टाका’ हा सल्ला कुठे चुकतो

लिनक्सवर पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्राम, म्हणजे सर्व्हिस, सिस्टमडी सांभाळतो; एखादी कशी चालवायची ते तिच्या युनिट फाइलमध्ये लिहिलेलं असतं. सर्रास दिला जाणारा सल्ला असा: सर्व्हिस फक्त तुमच्यापुरती असली तरी युनिट फाइल /एटसी/सिस्टमडी/सिस्टम मध्ये टाका, आत ‘यूजर=’ (कोणाच्या नावाने चालवायची) लिहा, सुडोने, म्हणजे रूट या प्रशासक खात्याच्या अधिकाराने, चालू करा. कारणं तीन: तुमच्या होम फोल्डरमधली फाइल बूटला चालत नाही, अपडेटमध्ये उडते आणि ‘यूजर=’ने परिणाम तोच मिळतो.

बूटचं अर्धंच खरं आहे. यूजर मॅनेजर (होममधल्या सर्व्हिस चालवणारा, सिस्टमडीचा तुमच्यापुरता भाग) पहिल्या लॉगिनला उठतो आणि शेवटचं सेशन संपलं की थांबतो, पण हे डीफॉल्ट आहे. ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ एकदा चालवा, तो बूटलाच उठेल. खरं घोडं बहुतेक वेळा युनिट फाइलच्या इन्स्टॉल विभागात पेंड खातं; सर्व्हिस कोणत्या टार्गेटबरोबर, म्हणजे युनिट्सच्या कोणत्या गटाबरोबर, सुरू व्हायची ते तिथे लिहितात. सिस्टम युनिटमधून ‘वाँटेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट’ जसंच्या तसं उचललेलं असतं. एनेबल होतं, लिंकही बनते, पण यूजर मॅनेजरकडे त्या नावाचं टार्गेटच नसतं. तिथे ‘डीफॉल्ट.टार्गेट’ लिहा आणि ‘सिस्टमसीटीएल --यूजर रीएनेबल’ करा. सुडो लावू नका. त्याने रूटच्या मॅनेजरला हाक जाते, तुमच्या नव्हे.

अपडेटची भीती निराधार. पॅकेजं आपली यूजर युनिट्स /यूएसआर/लिब/सिस्टमडी/यूजर मध्ये ठेवतात. त्याच नावाची फाइल ~/.कॉन्फिग/सिस्टमडी/यूजर मध्ये असेल तर तुमची वरचढ ठरते. एखादीच ओळ बदलायची तर ‘सिस्टमसीटीएल --यूजर एडिट’ पुरे. मात्र ‘एक्झेकस्टार्ट=’ (चालवायची कमांड) आधी रिकामं लिहून मग नवं द्या, नाहीतर दोन्ही कमांड जमा होतात आणि साधी सर्व्हिस लोडच होत नाही.

‘यूजर=’ने परिणाम तोच? नाही. प्रोसेस तुमच्या नावाने चालते, पण सेशन बसचा (तुमच्या लॉगिनमधले प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या मार्गाचा) पत्ता आणि /रन/यूजर खालची तुमची डिरेक्टरी तिला आपोआप कळत नाही. नोटिफिकेशन, आवाज, कीरिंग (साठवलेले पासवर्ड) इथे ती अडखळते. शिवाय दर रीस्टार्टला सुडो. उलट, ‘यूजर=’सकट फाइल होममध्ये हलवली तर २१६/ग्रुप ही चूक येते. ती ओळ काढा.

सगळ्याच यूजरना हवी असलेली सर्व्हिस एटसीतच जाते, पण /एटसी/सिस्टमडी/यूजर मध्ये, आणि ‘--ग्लोबल’ने एनेबल होते.

मूळ सल्ला लागू पडतो तो एवढ्यापुरता: होम एन्क्रिप्टेड असून लॉगिनलाच उघडत असेल, ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ची वाट पाहायची असेल (यूजर युनिटला ते दिसत नाही), १०२४ खालचा पोर्ट लागत असेल, किंवा सर्व्हिसला माणूस मालकच नसेल, जसा डेटाबेस.