बाळाच्या कानाशी शंख फुंकू नका

"पेशी विचारलहरींनी बोलतात. बहिऱ्या बाळाच्या कानाशी रोज शंख फुंका, पेशींमधली बंद दारं उघडतील. कानाचं मशीन लावलं तर कान आळशी होतो. आईबापांना ऐकू येत असेल तर दोष आनुवंशिक नसतोच." सोलापुरात नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज माझ्या मावसबहिणीच्या सासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, खरा मानला. बाळ पाच महिन्यांचं. बेरा तपासणीत (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी तपासणी) दोन्ही कानांत तीव्र दोष निघालाय, तरी मशीनसाठी कानाचा साचा द्यायला जाणं थांबलंय. म्हणून लिहिणं भाग आहे.

पेशी एकमेकींशी बोलतात, एवढं मान्य. पण लहरींनी नाही. कनेक्सिन नावाची सहा प्रथिनं मिळून अर्धी नळी होते, शेजारच्या पेशीची अर्धी तिला येऊन भिडते, आणि त्यातून आयन (विद्युतभारित कण) व साधारण 1000 डाल्टनपर्यंतचे (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) छोटे रेणू ये-जा करतात. हृदयाचे स्नायू एका ठेक्यात आकुंचन पावतात ते याच नळ्यांमुळे.

आता शंख. आतल्या कानातल्या आधारपेशींत कनेक्सिन 26 लागतं. त्याच्या जनुकातल्या बिघाडाने जन्मजात बहिरेपण येतं, हे केल्सेल आणि सहकाऱ्यांनी 1997 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं. भारतात या जनुकात सर्वांत जास्त सापडणाऱ्या बिघाडात 226 अमिनो आम्लांचं हे प्रथिन चोविसाव्या जागीच थांबतं. म्हणजे नळी तयारच होत नाही. जे दार बसवलेलंच नाही, ते शंखाने कसं उघडणार? आपल्या बाळात नेमकं हेच कारण आहे का, ते जनुक तपासणी सांगेल. कारण दुसरं निघालं तरी शंख हा उपाय नाही. उलट एवढ्या जवळून येणारा मोठा आवाज उरलीसुरली श्रवणशक्ती घालवू शकतो. आणि सगळ्यात घातक म्हणजे, फुंकरीची हवा गालाला लागली की बाळ डोळे मिचकावतं, घरचे म्हणतात, "बघा, ऐकलं!" आणि आणखी एक महिना जातो.

मशीनने कान आळशी होत नाही. आवाज पोचलाच नाही तर मेंदूतला ऐकण्याचा मार्ग नीट घडत नाही, म्हणून तर सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू करायला सांगतात.

आनुवंशिकतेचं म्हणाल तर आई आणि वडील दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असली, तरी दोघांना छान ऐकू येतं. प्रत्येक बाळाला मात्र चारात एक धोका. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत ही शक्यता वाढते, हे खरंच. पण नात्याबाहेर लग्न केलं म्हणून ती शून्य होत नाही, आणि यात सुनेचा एकटीचा दोष तर मुळीच नाही.

कनेक्सिन 26 चा दोष निघाला तरी कानाची नस बहुधा शाबूत असते, त्यामुळे मशीन पुरलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं, नसेला थेट संदेश देणारं उपकरण) उपयोग चांगला होतो. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे. तिथे चौकशी करा. काकू, साचा या आठवड्यातच द्या.