‘म्युझिक टेक्नॉलॉजी म्हणजे डीजेचा कोर्स’ : हे खरं नाही

इंजिनीअरिंगचे निकाल लागल्यापासून नाशिकच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. कॉलेज रोडवरच्या ग्रुपवर आला, सिडकोतल्या ग्रुपवर आला, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. त्यात म्हटलंय : बी.ई. झालेली मुलं परदेशात ‘म्युझिक टेक्नॉलॉजी’ शिकायला निघालीत. हा मुळात डीजेचा कोर्स आहे, यात इंजिनीअरिंग नाही, नोकरी नाही, आपल्या संगीताशी संबंध नाही आणि हे सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि वीस वर्षं तबला वाजवतोय. या मेसेजमुळे माझ्या एका विद्यार्थिनीचा अर्ज घरीच अडला, म्हणून हे लिहितोय.

‘डीजेचा कोर्स.’ अटलांटाचं जॉर्जिया टेक, मॉन्ट्रियलचं मॅकगिल, बार्सिलोनाचं पॉम्पेउ फाब्रा, यांपैकी कुठलाही अभ्यासक्रम उघडून बघा. सिग्नल प्रोसेसिंग (ध्वनीसारख्या लहरींवर करायचं गणित), ध्वनिशास्त्र, प्रोग्रॅमिंग, मशीन लर्निंग असे विषय दिसतील. विषय कालपरवाचाही नाही. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून संगीत वाजवून घेतलं. आपल्याकडे अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझरचा (विजेच्या मंडलांतून आवाज घडवणाऱ्या वाद्याचा) स्टुडिओ उभा राहिला होता.

‘यात इंजिनीअरिंग नाही.’ त्याच विद्यार्थिनीने आमच्या लॅबमध्ये काय केलं ते सांगतो. तिने २०० वाटेल ते आकडे एका रांगेत भरले. रांगेतला पहिला आकडा काढून स्पीकरला द्यायचा, त्याची आणि त्याच्या आधी दिलेल्या आकड्याची सरासरी काढून ती रांगेच्या शेपटाला जोडायची. सेकंदाला ४४,१०० वेळा एवढंच. कार्प्लस आणि स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही रीत. सुरुवातीला नुसती खरखर असते, पण सरासरीमुळे वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर) आधी विरतात, खऱ्या तारेत विरतात तसेच, आणि स्पीकरमधून छेडलेल्या तारेचा आवाज येतो. ४४,१०० ला २०० ने भागलं तर स्वर किंचित चढा निघतो. सरासरीमुळे अर्ध्या नमुन्याचा (एक नमुना म्हणजे स्पीकरला दिलेला एक आकडा) उशीर होतो, म्हणून २००.५ ने भागायचं. मग जवळपास २२० हर्ट्झ. तो अर्धा नमुना तिला आधी कानाने सापडला, वहीत नंतर. याला इंजिनीअरिंग नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

‘नोकरी नाही.’ जॉन चाउनिंग हे संगीतकार. त्यांना १९६७ मध्ये स्टॅनफर्डला एफएम संश्लेषण (एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवून आवाज घडवायची रीत) सापडलं, यामाहाने त्याचा परवाना घेतला, १९८३ मध्ये डीएक्स-७ कीबोर्ड आला आणि विद्यापीठाला त्या पेटंटने कोट्यवधी डॉलर मिळवून दिले. तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचं गणित करणारे अँडी हिल्डेब्रँड यांनी तसंच गणित गळ्याला लावून १९९७ मध्ये बेसूर स्वर सुरात आणणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर आणलं. आणि ओझरच्या विमान कारखान्यामुळे नाशिककरांना घरच्या वाटणाऱ्या एचएएलमध्ये काम केलेले अभियंते जी. राज नारायण, त्यांनी बंगळूरला इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. आज श्रवणयंत्रं, हेडफोन, गाडीतला आवाज, बोलणं ओळखणारी सॉफ्टवेअर, सगळीकडे हीच विद्या लागते.

‘आपल्या संगीताशी संबंध नाही.’ हे वाचून मला सर्वांत वाईट वाटलं. ज्या गावात विष्णू दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधार आश्रम काढला, त्या गावात तरी हे पुढे पाठवू नये. हलगी आणि तबला शेजारी ठेवून वाजवा. आदर्श गोल पडद्याचे वरचे स्वरांश मूळच्या १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे येतात, म्हणून त्यातून ठाम सूर निघत नाही. तबल्यावरची शाई त्यांना जवळपास पूर्णांकांच्या पटीत आणते, आणि तबला सुरात लागतो. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं. आजचे प्रश्न याहून अवघड आहेत. ताल ओळखणारी बहुतेक सॉफ्टवेअर पाश्चात्त्य ठेक्यावर घडलेली. विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चाललं की त्यांना सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडत नाही. बारा समान स्वरांच्या जाळीत दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे हळूच झुलणारा, गंधार बसत नाही. बार्सिलोनात २०११ मध्ये सुरू झालेल्या कॉम्पम्युझिक या संगीत-संशोधन प्रकल्पात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत होतं, आयआयटी मुंबईतही यावर संशोधन होतं. हे प्रश्न ज्यांच्या कानात लहानपणापासून आहेत, त्यांनीच घरी बसायचं?

यूट्यूबचं म्हणाल तर कोड तिथे जरूर शिकावा, मीही शिकतो. पण चुकीचा ऐकलेला स्वर ‘पुन्हा ऐक’ म्हणून दाखवणारा माणूस शेजारी लागतो.

खर्चाची काळजी मात्र खरी आहे. या नावाखाली काही ठिकाणी फक्त एखादं सॉफ्टवेअर वापरायला शिकवतात. त्यासाठी कर्ज काढू नका. शिकवणारे कोण, त्यांचं संशोधन काय आणि प्रवेशाला गणित किती लागतं, हे आधी बघा.

त्या विद्यार्थिनीचे वडील परवा लॅबमध्ये आले. तिने आधी संगणकातली तार ऐकवली, मग घरून आणलेला तंबोरा. तंबोऱ्याचं घोडीवरचं सूत तिने जरासं सरकवलं आणि जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, खुलली. “हे यात का नाही?” त्यांनी विचारलं. “तेच शिकायचंय,” ती म्हणाली. अर्जात पहिलं वाक्य तिने तेच लिहिलं आहे.