‘हे तर कारकुनाचं काम’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नगररचनेची पदवी हातात पडली की पहिली नोकरी स्थानिक स्वराज्य संस्थेत घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची सविस्तर आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कनिष्ठ नियोजकाच्या वाट्याला नियोजन येतच नाही, तो बांधकाम परवानगीच्या खिडकीवर बसून अर्जातले आकडे नियमांच्या तक्त्याशी जुळवतो आणि ते आता संगणकही करेल. निर्णय निवडून आलेली माणसं घेतात, त्यामुळे त्याची टिपणी, म्हणजे अर्जावरचा लेखी अभिप्राय, हा शोभेचा कागद. आणि अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये झोनिंग (कुठल्या भागात जमिनीचा कोणता वापर चालेल हे ठरवणारे नियम) नाही, तरी शहर चाललंय, मग हा खटाटोप हवा कशाला? तुम्ही खासगी सल्लागार आहात, फाइल घेऊन खिडकीच्या पलीकडे उभे राहिलेले आहात. त्यामुळे राग समजतो. पण पहिले दोन मुद्दे मला मान्य नाहीत, तिसरा अर्धा मान्य आहे.

आधी आकडे जुळवण्याबद्दल. सामासिक अंतर घ्या, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा. नियमात ‘पुढच्या बाजूस इतके मीटर’ एवढंच लिहिलेलं असतं. मोजायचं कुठून? अर्जदार डांबराच्या कडेपासून मोजतो, कारण त्याला डांबर दिसतं. मोजायचं असतं भूखंडाच्या हद्दीपासून, आणि रस्त्याची हद्द डांबराच्या बरीच अलीकडे, कधीकधी तर त्याच्या कुंपणाच्याही आत आलेली असते. रुंदीकरण प्रस्तावित असेल तर रेषा आणखी आत सरकते. भूखंड कोपऱ्यावरचा असला की पुढची बाजू नेमकी कोणती, हा प्रश्न. बऱ्याच नियमावल्या दोन्ही रस्त्यांकडच्या बाजूंना पुढची बाजू धरतात. शिवाय वळणाऱ्या गाडीवाल्याला समोरचं दिसावं म्हणून कोपऱ्यातला एक त्रिकोण मोकळा सोडावा लागतो, तिथलं कुंपण बुटकं हवं. अर्जासोबतच्या नकाशात यातलं काही दिसेलच असं नाही. तिथे एक नीटनेटका चौकोन असतो, उत्तर दिशेचा बाण असतो (तोही दर वेळी उत्तरेकडे असतोच असं नाही) आणि चारी बाजूंना नियमात बरोब्बर बसणारे आकडे.

आकडा नियमात बसतो का, हे संगणकाला खुशाल सांगू द्या. मला आनंदच आहे. पण तो आकडा जमिनीवर कुठून सुरू होतो हे ठरवायला मोजणीचा नकाशा, रस्त्याची जुनी नोंद आणि प्रत्यक्ष जागा या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघाव्या लागतात. त्या एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा कोणती खरी धरायची, हे कनिष्ठ नियोजक त्या खिडकीवरच शिकतो.

जुन्या वापरांची प्रकरणं तर माझ्या विशेष आवडीची. आराखड्यात पिवळा रंग दिलेल्या निवासी विभागात एक लेथवर्कशॉप चालू आहे. नियम येण्याआधीपासून कायदेशीरपणे चालत असेल तर ते साधारणपणे चालू ठेवता येतं. वाढवायचं म्हटलं की बंधनं येतात, आणि ठरावीक काळ बंद पडलं तर हक्क संपतो. शेजारी म्हणतात मध्यंतरी बंद होतं, मालक म्हणतो एक दिवस बंद नव्हतं. मग जुनी वीजबिलं, कराच्या पावत्या, जुने हवाई फोटो असा ढीग कनिष्ठाच्या टेबलावर येतो. बिलं शून्यावर आलेली नाहीत, पण निम्म्याखाली गेलेली आहेत. याला बंद म्हणायचं का? यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, की शेड कुणाला गोदाम म्हणून दिली होती? गंमत म्हणजे धंदा चालू होता याचा सगळ्यात भक्कम पुरावा पुष्कळदा त्याच धंद्याविरुद्धच्या तक्रारींत सापडतो. अमुक तारखेला रात्री उशिरापर्यंत आवाज चालू होता, असं शेजाऱ्यांनीच सहीनिशी लिहून दिलेलं असतं. याला तुम्ही कारकुनी म्हणता. मग कारकुनी म्हणजे पुराव्याचं वजन करणं, असं तरी म्हणा.

नियमच कुठे खोटे आहेत, हेही सगळ्यात आधी खिडकीवरच कळतं. पार्किंगचं उदाहरण बघा. एक दुकान रिकामं झालं, नवा भाडेकरू तिथे दवाखाना काढू म्हणतो. वापर बदलला, म्हणून पार्किंगच्या जागा वाढवून दाखवा. इमारत जुनी, जागा आणणार कुठून? अर्ज परत, गाळ्याला कुलूप. हे किमान पार्किंगचे आकडे मोजक्याच ठिकाणच्या पाहणीवर उभे आहेत, हे कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डोनाल्ड शूप यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं. पुढे अमेरिकेतल्या बफेलो शहराने 2017 मध्ये किमान पार्किंगची अट शहरभर काढून टाकली. शूप यांनी अभ्यासातून मांडलेलं खिडकीवरच्या पोरापोरींना रोज डोळ्यांनी दिसत असतं, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, नियमामुळे परत गेलेल्या अर्जांची वेगळी वही ठेव. नियमावलीच्या सुधारणेचा विषय निघतो तेव्हा बैठकीत ती वही उघडता येते.

आता टिपणी. निर्णय निवडून आलेले लोक घेतात, आणि त्यांनीच घ्यावा. कनिष्ठ अधिकाऱ्याने शहर चालवावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण निर्णयाला आव्हान दिलं गेलं की बहुतेक ठिकाणी न्यायालय ती इमारत तिथे हवी की नको हे नव्याने ठरवायला बसत नाही. ते कागद बघतं: प्रक्रिया नीट झाली का, कारणं नोंदवली आहेत का, त्या कारणांना आधार आहे का. शेजाऱ्यांना नोटीस देताना यादीतून एखादं नाव सुटलं तर एवढ्यावरून सगळं प्रकरण परत फिरू शकतं. ती यादी कोण करतं? तुमचा कारकून.

सुनावणीत लोक तावातावाने सांगतात, ‘आम्हाला हे नको.’ हे मत झालं, कारण नव्हे. त्यातलंच कुणीतरी पुटपुटतं की पावसाचं सगळं पाणी आमच्या गल्लीत उतरेल. हे कारण होऊ शकतं, पण कुणीतरी जागेवर जाऊन उतार पाहिलेला हवा, तिथली मोरी तुंबलेली आहे की नाही ते पाहिलेलं हवं आणि ते टिपणीत आलेलं हवं. परवानगीच्या अटींचंही तसंच. ‘अर्जदाराने निचऱ्याची योग्य ती व्यवस्था करावी’ ही अट सगळे लिहितात, पाळली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. ‘भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी मागील हद्दीलगतचे गटार बांधून पूर्ण झालेले असावे’ ही अट तपासता येते. या दोन वाक्यांतल्या फरकावर एका गल्लीचे पुढचे पावसाळे ठरतात. तो मसुदा बहुधा खात्यातल्या सगळ्यात नव्या माणसाने केलेला असतो. वरच्यांनी तो बदलला तर बदलला. पण बदलला हेही फाइलवर राहतं.

ह्यूस्टनबद्दल थोडक्यात. तिथल्या मतदारांनी 1948, 1962 आणि 1993 असं तीनदा झोनिंग नाकारलं, हे खरंच. पण तिथे भूखंड पाडायचे नियम आहेत, इमारत रेषा (जिच्या पुढे बांधकाम करता येत नाही) आहे, खासगी खरेदीखतांतल्या अटी आहेत, आणि त्या अटी मोडल्या तर शहर स्वतः कोर्टात जाऊ शकतं. म्हणजे खिडकी तिथेही आहे, फक्त वरची पाटी वेगळी.

तुमचं अर्धं मान्य करते ते इथे. भूवापराच्या नियमांनी माणसांना बाहेर ठेवण्याचंही काम केलेलं आहे. बाल्टिमोरने 1910 मध्ये काळ्या आणि गोऱ्या लोकांनी कुठल्या गल्लीत राहायचं याचाच नियम केला होता. अशा नियमांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1917 मध्ये रद्दबातल ठरवलं, तर पुढे किमान भूखंड एवढा मोठा हवा, एका भूखंडावर एकच कुटुंब हवं, अशा अटींनी तीच गाळणी पैशाच्या मार्गाने लावली. वर्णाचा उल्लेखही करावा लागला नाही. त्यामुळे ‘नियम आहे म्हणून’ एवढ्यावर थांबणारा नियोजक मलाही नको आहे. आमच्यात तसे आहेत, पुष्कळ आहेत.

शेवटी तुम्ही विचारलंय की तुमच्या भाचीलाही मी हाच सल्ला देईन का. कार्यालय बघून देईन. मुलाखतीत तिने तीन गोष्टी विचाराव्यात: टिपणीचा पहिला मसुदा कोण लिहितं, जागेवर पाहणीला कोण जातं, आणि सुनावणीला कनिष्ठांना बसू देतात का. तिन्हींचं उत्तर ‘साहेब’ असं आलं तर तुमचं म्हणणं त्या कार्यालयापुरतं शंभर टक्के खरं, तिने खुशाल खासगीत जावं. आणि तुमचा व्यवसाय ज्या शहरात आहे तिथली जागा मात्र तिने घेऊ नये. तुमच्या फाइली तिच्याच टेबलावर येतील, नात्यामुळे दर वेळी तिला लेखी देऊन बाजूला व्हावं लागेल, आणि खात्यात माणसं कमी असतात, त्यामुळे उशीर होईल तो तुमच्याच अर्जांना.